जुन्या रेल्वेचा कणा धरून : आर्देशच्या डोंगरांत मोटारींविना ग्रॅव्हल सायकलिंग

मोटारी नकोत, डोंगर तर हवेत, आणि तरीही रोज अर्धा दिवस सायकल ढकलत चढायची हौस नाही. या तिन्ही अटी एकदम पाळायच्या असतील, तर फ्रान्सच्या नकाशावर आधी बंद पडलेली रेल्वे शोधावी. आगगाडीला खडा चढ झेपत नाही. त्यामुळे डोंगराळ मुलखात रूळ टाकणाऱ्यांना कडेकडेने, वळसे घेत, पूल आणि बोगदे बांधत वाट काढावी लागली. रूळ गेले, वाट राहिली. ही वाट सहलीचा कणा धरायची आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना वर, पठारांवर, आपल्या कुवतीप्रमाणे फाटे काढायचे. उलट क्रमाने, म्हणजे ॲपवर दोन टोकं ठेवून "ग्रॅव्हल" (खडी-मातीच्या वाटांवरचं सायकलिंग) हा पर्याय निवडून आखलेला मार्ग कागदावर छान दिसतो आणि दुसऱ्याच दिवशी दगडांच्या ओढ्यात नेऊन सोडतो.

अशा जागा फ्रान्समध्ये बऱ्याच आहेत. दक्षिणेला बेदारिए ते माझामे अशी पासा-पाई नावाची जुन्या रेल्वेवरची वाट आहे, मोर्व्हांपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा मासिफ सांत्रालचा लांबलचक मार्ग आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आर्देशमधली डोल्चे व्हिया सुचवेन, आणि हा लेखही तिच्यापुरताच आहे.

मुलूख

आर्देश हा ऱ्होन नदीच्या उजव्या तीरावरचा जिल्हा. मासिफ सांत्राल या जुन्या पर्वतप्रदेशाची पूर्वेकडची कड इथे ऱ्होनच्या खोऱ्यात उतरते. त्या उतारावरून एरिय नावाची नदी खोल दरी कापत खाली येते. या दरीतून १८९१ पासून टप्प्याटप्प्याने मीटर गेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली) रेल्वे सुरू झाली. व्हिव्हारे जाळं म्हणून ती ओळखली जाई. ऱ्होनकाठचं ला वूल्त, दरीच्या मध्यावरचं ल शेलार, वर पठारावरचं सँताग्रेव, आणि शेजारच्या दू नदीच्या खोऱ्यातलं लामास्त्र ही तिची मुख्य ठिकाणं. ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी हे जाळं बंद झालं. त्याच रूळमार्गावर आज बारीक खडी दाबून बसवलेली साधारण ९० किलोमीटरची वाट आहे, ती डोल्चे व्हिया.

आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. ला वूल्तपासून ल शेलारपर्यंत साधारण ५० किलोमीटरचा देठ, आणि ल शेलारहून दोन फांद्या : एक सँताग्रेवला, दुसरी लामास्त्रला. दरीतली सगळी वाहतूक डी १२० हा मोटार रस्ता उचलतो. तो कधी नदीच्या पलीकडून, कधी खालून दिसत राहतो. आपण त्याच्या वर, झाडांत. काही ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो, गावांत शिरताना थोडं डांबर लागतं, एवढंच.

पायरी पहिली : रस्त्याचा दर्जा ओळखा

फ्रान्समध्ये "सायकल मार्ग" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोडतात. व्वा व्हेर्त म्हणजे मोटारींना कायद्याने बंद असलेली वाट : सायकल, पादचारी, घोडेस्वार एवढ्यांनाच मुभा. २००४ पासून ती तिथल्या वाहतूक नियमांत आहे. व्हेलोरूत मात्र फक्त पाट्या लावून दाखवलेला सायकलयोग्य मार्ग. त्यातला बराच भाग मोटारींबरोबर वाटून घ्यावा लागतो. डोल्चे व्हिया पहिल्या प्रकारातली. ऱ्होनच्या काठाने लेमान म्हणजे जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ८१५ किलोमीटर जाणारी व्हियाऱ्होना ही मिश्र. माहितीपत्रकात दोन्हींचे फोटो सारखेच देखणे असतात, म्हणून आधी हा शब्द तपासायचा.

कण्यापासून फाटा काढायचा तेव्हा रस्त्यांची अक्षरं बघा. एन म्हणजे राष्ट्रीय आणि तीन आकडी डी म्हणजे जिल्हा रस्ते टाळा. लामास्त्रकडे जाणारे डी ५३३ आणि डी ५७८ सायकलसाठी बंद नाहीत, पण तिथे जायचं तर घरीच बसलेलं बरं. सी अक्षराचे, गावाच्या मालकीचे छोटे रस्ते मात्र डांबरी असूनही बहुतेक वेळ रिकामे असतात. अट्टल ग्रॅव्हलवाले त्यांना नाक मुरडतात. मला विचाराल तर आर्देशमध्ये चढायचं ते याच रस्त्यांनी. कारण पुढे सांगतो.

पायरी दुसरी : उतार मोजा, मग पृष्ठभाग

फ्रेंच सरकारी नकाशासंस्था आयजीएन हिचे १:२५,००० मापाचे नकाशे मोबाइलवरही बघता येतात. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. दोन बारीक रेघांनी दाखवलेला रस्ता वाहन जाईल एवढा, एकेरी अखंड रेघ म्हणजे शेतावरची किंवा जंगलातली गाडीवाट, आणि तुटक रेघ म्हणजे पायवाट. लोड केलेल्या ग्रॅव्हल सायकलसाठी तुटक रेघ वर्ज्य समजा. चढाचं गणित हातानेच करा : समोच्च रेषा १० मीटर अंतराच्या असतील आणि १ किलोमीटरच्या वाटेत अशा १० रेषा ओलांडत असाल, तर चढ सरासरी १० टक्के. खडीवर, सामान लादून, ८ टक्क्यांच्या वर फार वेळ चालवता येत नाही. मागचं चाक घसरतं.

मग ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा उघडा. त्यात गाडीवाटांना १ ते ५ असे दर्जे दिलेले असतात. १ आणि २ घट्ट, ३ म्हणजे खडी आणि माती मिसळलेली, ग्रॅव्हल सायकलला अजून चालण्याजोगी. ४ आणि ५ म्हणजे गवत, माती, पावसात चिखल. शेवटी उपग्रह चित्रावर तोच तुकडा मोठा करून बघा. पांढुरकी, सलग पट्टी दिसली तर वाट वापरात आहे. झाडीत हरवली असेल तर नकाशावर असली तरी जमिनीवर नसेल.

आता आर्देशची खास गोष्ट. इथल्या दऱ्यांचे उतार ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांचे, फार खडे, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं. या उतारांवरच्या जुन्या वाटा खेचरांसाठी होत्या. काही ठिकाणी त्या उभ्या दगडांनी फरसबंद केलेल्या आहेत. चालायला सुंदर, सायकलला छळ. वर पठारावर पोहोचलात की मात्र चित्र पालटतं. गोलसर टेकड्या, पाइनचं जंगल, कुरणं, आणि ग्रॅनाइट झिजून झालेली भरड वाळू, जिच्यात पाणी साचत नाही. ग्रॅव्हल खरं तर वर आहे, उतारावर नाही. म्हणून मांडणी अशी : कण्यावरून निघायचं, सी रस्त्याने डांबरावरून चढायचं, पठारावर खडीच्या वाटांनी हिंडायचं आणि पुन्हा डांबरानेच उतरायचं.

मार्ग पक्का झाला की त्याची जीपीएक्स फाइल (जीपीएसला मार्ग दाखवणारी) आणि नकाशा दोन्ही मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. दरीत नेटवर्क जातं. अंदाज बांधताना सामानासह ताशी १२ ते १५ किलोमीटर धरा, आणि फाट्यांच्या दिवशी एकूण चढाई १,००० मीटरच्या आत ठेवा.

पायरी तिसरी : पाट्या

लाल कडेचा, आतून कोरा पांढरा गोल म्हणजे सगळ्या वाहनांना बंदी, सायकलसुद्धा त्यात आली. त्याच गोलात मोटार आणि मोटारसायकलचं चित्र असेल तर बंदी फक्त इंजिनवाल्यांना, आपण खुशाल जावं. ही दुसरी पाटी दिसली की समजायचं, योग्य जागी आलो. "प्रॉप्रिएते प्रिव्हे" म्हणजे खाजगी मालमत्ता, मागे फिरा. "व्वा सान्झिश्यू" म्हणजे रस्ता पुढे बंद. पण तो मोटारींसाठी बंद असतो, पुष्कळदा तिथूनच गाडीवाट सुरू होते, तेव्हा नकाशा बघून ठरवा. पांढरे-लाल पट्टे झाडांवर रंगवलेले दिसले तर ती लांब पल्ल्याची पदभ्रमण वाट. त्यांच्या नादी लागू नका. दक्षिणेकडे जंगलात डीएफसीआय अशी अक्षरं दिसतात. त्या वणवा विझवणाऱ्यांच्या वाटा, रुंद आणि घट्ट. उन्हाळ्यात आगीचा धोका वाढला की प्रशासन जंगलात प्रवेश बंद करतं, तेव्हा मात्र तिथे जायचं नाही.

शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो. रानडुकरांचा हाका चालू असेल तर वाटेवर "शास आँ कूर" अशी पाटी ठेवलेली असते. अशा दिवशी पठारावर भडक रंगाचं जाकीट घाला, किंवा सरळ कण्यावरच राहा.

केव्हा जायचं

एप्रिलअखेर ते जून, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये खालची दरी भाजून निघते, तरी १,००० मीटरवरचं पठार सुसह्य असतं. हिवाळ्यात त्याच पठारावर ब्यूर्ल नावाचा उत्तरेचा वारा बर्फ उडवत फिरतो, तेव्हा ते नकोच. शरद ऋतूत आणखी एक गोष्ट असते. भूमध्य समुद्रावरची दमट हवा डोंगराला अडते आणि काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. १० सप्टेंबर १८५७ च्या एरियच्या पुराने पूल आणि गिरण्या वाहून नेल्या होत्या. कोकणातला पाऊस पाहिलेल्याला पावसाची भीती वाटत नाही, पण इथे प्रश्न अंगावरच्या पाण्याचा नसून अरुंद दरीतल्या नदीचा आहे. हवामान खात्याने केशरी किंवा लाल इशारा दिला असेल तर नदीकाठी तंबू ठोकू नये.

सायकल आणि सामान

फक्त कण्यावर राहायचं असेल तर ३५ मिलिमीटरचे टायर पुरतात. हायब्रिड सायकलही चालेल. पठारावर जायचं असेल तर ४० ते ४५, ट्यूबलेस, मधे बऱ्यापैकी गुळगुळीत आणि कडांना दाते असलेले. हवा साधारण ३० ते ४० पीएसआय, वजनाप्रमाणे कमीजास्त. गिअरवर कंजुषी नको : सर्वांत सोप्या गिअरमध्ये मागची चक्री पुढच्या चेनरिंगपेक्षा मोठी हवी. ब्रेक डिस्कचेच. सँताग्रेवहून उतरताना हात आखडत नाहीत. समोरचा चांगला दिवा घ्या, बोगदे लागतात. घंटीही हवीच, कारण ती फ्रान्समध्ये सक्तीची आहे आणि वाटेवर कुत्री, मुलं, म्हातारी जोडपी असतात.

भारतातून जाणाऱ्याने सायकल विमानातून न्यावी का? आठवड्याभराची सहल असेल तर माझं मत भाड्याच्या बाजूने. व्हालाँस आणि दरीतल्या गावांत भाड्याच्या सायकली मिळतात. इलेक्ट्रिक सायकली जास्त, ग्रॅव्हल कमी, म्हणून ठरवून ठेवावी. स्वतःचं सीट आणि पेडल घेऊन गेलं तरी निम्मं समाधान होतं. युरोपातच राहणाऱ्या मराठी मंडळींना अर्थातच हा प्रश्न नाही. स्वतःची सायकल नेणार असाल तर हवा भरायला हातपंपच ठेवा; गॅसच्या नळकांड्या विमानतळावर अडकवतात.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकलिंगचे अपघात धरले आहेत का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

नियम, थोडक्यात

उजव्या बाजूने चालवायची. वळणावर जुनी सवय डोकं वर काढते, विशेषतः रिकाम्या रस्त्यावर, जिथे समोर कुणी नसतं. सायकलवर कानात इअरफोन घालायला बंदी. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना अक्कल. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट घालावं लागतं. मदतीसाठी ११२.

खाणं आणि पाणी

इथे वेळापत्रक पाळावं लागतं. दुपारी १२ ते २ दुकानं बंद. रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सोमवारपर्यंतची सोय करायची. नळावर "ओ पोताब्ल" लिहिलेलं असेल तर पाणी पिण्याचं, "नों पोताब्ल" असेल तर नाही. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीच्या फाटकापाशी बघा. तिथे फुलझाडांसाठी नळ असतो. पाटी मात्र तिथेही वाचायची.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. पिकोदों हे इथलं शेळीच्या दुधाचं चीज, ताजं असताना मऊ, मुरल्यावर झणझणीत. क्रीक म्हणजे किसलेल्या बटाट्याची तव्यावर भाजलेली पोळी, तीत बहुधा अंडं असतं. कायेत नावाचा पदार्थ मांसाचा. बोंबीन नावाची बटाट्याची शिजवलेली भाजी निरुपद्रवी वाटते, पण तीत पुष्कळदा डुकराचं मांस असतं. आणि चेस्टनट. हा मुलूख चेस्टनटवर जगला. आर्देशच्या चेस्टनटला २००६ मध्ये उगमस्थानाचा दर्जा मिळाला. चेस्टनटचा गोड मुरंबा छोट्या ट्यूबमध्ये मिळतो. खिशात बाळगायला त्याच्याइतकं सोयीचं इंधन नाही.

मुक्कामासाठी "अक्येय व्हेलो" ही पाटी शोधा. सायकल मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असलेल्या, सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीचं सामान देणाऱ्या ठिकाणांना ती मिळते. नगरपालिकेचे कॅम्पिंगही स्वस्त आणि स्वच्छ असतात.

प्रत्यक्ष मार्ग

पॅरिसहून व्हालाँसपर्यंत टीजीव्ही ही वेगवान रेल्वे. टीजीव्हीत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते, किंवा चाकं काढून पिशवीत भरावी लागते. मापाची मर्यादा तिकीट काढतानाच पाहून घ्या. टीजीव्हीचं स्टेशन शहराबाहेर आहे, जुनं स्टेशन गावात. व्हालाँसहून व्हियाऱ्होनाने दक्षिणेला ला वूल्त साधारण २० किलोमीटर. या खोऱ्यात मिस्त्राल हा उत्तरेचा वारा वाहतो, तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणंच शहाणपणाचं. कंटाळा असेल तर लोकल गाडीने लिव्रोंला उतरा आणि नदी ओलांडून ला वूल्त गाठा. ला वूल्तमध्ये प्रवासी रेल्वे थांबत नाही.

ला वूल्तहून वाट एरियच्या दरीत शिरते. सुरुवातीला पीचच्या बागा, सँ-लोराँ-द्यू-पाप, मग दरी आवळत जाते. चढ जाणवतही नाही. लेझोलिएर हे पहिल्या मुक्कामाला बरं गाव; दम असेल तर सँ-सोव्हर-द-माँतागूपर्यंत जा. नदीत डुंबायच्या जागा वाटेभर आहेत. काठावर दिसणाऱ्या लांबट, खूप खिडक्यांच्या दगडी इमारती म्हणजे रेशमाच्या धाग्याला पीळ देणाऱ्या जुन्या गिरण्या.

दुसरा दिवस ल शेलारपर्यंत, आणि इथेच पहिला फाटा काढायचा. शालाँसों हे मध्ययुगीन गाव दरीच्या वर बसलेलं आहे. त्याच्या नावाचं स्टेशन खाली नदीपाशी आणि गाव वर, हे बघून त्या काळच्या उतारूंची कीव येते. सी रस्त्याने सावकाश चढा, गावातल्या गल्ल्या बघा आणि पलीकडे व्हेर्नूच्या पठारावर खडीच्या वाटांनी दोन-तीन तास घालवा. परत दरीत उतरून ल शेलार. कापड आणि दागिन्यांच्या कारखान्यांचं हे गाव पर्यटकांसाठी सजलेलं नाही, पण सायकलचं दुकान, सुपरमार्केट, औषधं जे काही हवं ते इथेच घेऊन ठेवा. वर पर्याय कमी.

तिसरा दिवस या सहलीचा कळस. ल शेलार साधारण ४३० मीटरवर, सँताग्रेव साधारण १,०५० वर, मधे जवळपास २५ किलोमीटर. म्हणजे सरासरी अडीच टक्के, सलग. थांबायची गरज नाही, पण ढिलाईही नाही. तासाभराने पाय विचारू लागतात की हे संपणार कधी. सँ-मार्तँ-द-व्हालामासजवळ सुळक्याला चिकटलेले रोशबोन किल्ल्याचे अवशेष दिसतात. चेस्टनट मागे पडतात, पाइन सुरू होतात, हवा गार होते.

सँताग्रेवला दोन रात्री राहावं असं मी सांगेन. पुढे रूळ अजून जागेवर आहेत. पर्यटकांची आगगाडी त्यांवर चालते, म्हणून व्वा व्हेर्त इथे संपते. पण पठार इथेच सर्वांत चांगलं आहे. उत्तरेला दव्हेसे तलाव, पश्चिमेला लिन्यों नदीवरचं ल शाँबों. दुसऱ्या महायुद्धात ल शाँबों आणि आसपासच्या गावांनी ज्यू निर्वासितांना, विशेषतः मुलांना, घराघरांत आसरा दिला. इस्रायलच्या याद व्हाशेम संस्थेने १९९० मध्ये या साऱ्या पंचक्रोशीचा सामूहिक गौरव केला. गावात २०१३ पासून स्मृतिसंग्रहालय आहे. ज्या गाडीने ती माणसं या पठारावर आली, तिच्याच जाळ्याच्या वाटेने आपण चढून आलेलो असतो. सँताग्रेव, दव्हेसे, ल शाँबों आणि परत असा दिवसभराचा फेरा जंगलातल्या गाडीवाटांनी आखता येतो. आणखी दोन दिवस हाताशी असतील तर दक्षिणेला मेझँक (१,७५३ मीटर) आणि ल्वारचा उगम जिथे होतो तो जेर्बिए-द-जों (१,५५१ मीटर) आहेत. पण तिथे डांबराशिवाय भागत नाही आणि वारा फार.

पुढच्या दिवशी ल शेलारला उतरा. पॅडल फारसं मारावं लागत नाही, म्हणूनच जरा जपून : लोक समोरून चढत असतात, आणि मोकळ्या खडीवर वळणात पुढचा ब्रेक दाबला की माणूस खाली. तिथून लामास्त्रची फांदी घ्या. आधी नोनिएरच्या खिंडीपर्यंत चढ, मग दू नदीच्या खोऱ्यात उतार, साधारण २० किलोमीटर. देठापेक्षा इथे वर्दळ कमी.

लामास्त्रहून तूर्नोंला जाणारा मोटार रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. त्यावर सहल संपवू नये. दूच्या घळीतून १९६९ पासून पर्यटकांसाठी वाफेच्या इंजिनाची गाडी चालते, स्थानिक लोक तिला मास्त्रू म्हणतात. ती रोज धावत नाही, आणि कुठल्या फेरीला सायकल घेतात हे आरक्षण करतानाच विचारावं लागतं. जमलं तर तिनेच तूर्नोंच्या वेशीवर उतरा. नाही जमलं तर नोनिएरची खिंड पुन्हा चढून ल शेलारवरून आल्या वाटेने ला वूल्तला परत; खिंडीनंतर सगळा उतार.

तूर्नोंला ऱ्होनवर पायी आणि सायकलने ओलांडायचा झुलता पूल आहे. १८२५ मध्ये मार्क सेगँ या फ्रेंच अभियंत्याने इथे बांधलेला पहिला पूल पाडला गेला. आजचा आहे तो त्याच्या नंतरचा. पलीकडे तँ-लेर्मिताज. तिथलं स्टेशन पुलापासून जवळ आहे आणि व्हालाँसला, लियोंला लोकल गाड्या मिळतात. रविवारी संध्याकाळी त्या गाड्यांत सायकलींच्या जागा भरून जातात, म्हणून दुपारचीच गाडी धरा.